शब्द कोणता निवडावा?
शोधयंत्रातील चढाओढ आणि तिचे मोजमाप

एखाद्या जाडजूड पुस्तकात 'बाष्पीभवन' हा विषय कोठे आला आहे हे पाहायचे झाले, तर तुम्ही काय कराल? पहिल्या पानापासून वाचत सुटाल काय? मुळीच नाही. तुम्ही पुस्तकाच्या शेवटी असलेली शब्दसूची उघडाल, 'ब' अक्षराखाली तो शब्द शोधाल आणि त्यापुढे दिलेल्या पानावर थेट जाल.

गूगलसारखी शोधयंत्रे नेमके हेच करतात. आपण शब्द टाकल्यावर ती सारे जग धुंडाळायला निघत नाहीत. कोट्यवधी पाने त्यांनी आधीच वाचून ठेवलेली असतात आणि प्रत्येक शब्दापुढे तो कोणकोणत्या पानांत आला आहे याची यादी तयार असते. पुस्तकाच्या सूचीत एका शब्दापुढे दोनचार पानांचे आकडे असतात, तर येथे लाखो पाने असू शकतात. मग त्यांतले पहिले कोणते दाखवायचे? येथेच चढाओढ सुरू होते.

ज्या शब्दांनी लोक माहिती शोधतात त्यांना आपण 'शोधशब्द' म्हणू. व्यवहारात त्यांना 'कीवर्ड' म्हणतात. आपण लिहिलेले पान लोकांना सापडावे असे वाटत असेल, तर कोणत्या शोधशब्दासाठी चढाओढ किती आहे याचा अंदाज आधी घ्यावा लागतो. तो कसा घ्यायचा ते एका उदाहरणाने पाहू.

एक वस्तू, चार नावे

भंडारा जिल्ह्याच्या साकोली तालुक्यात एकोडी नावाचे गाव आहे. हा सारा मुलूख भाताचा, आणि म्हणूनच तलावांचाही. समजा, या गावातील शाळेच्या मुलांनी ठरविले की आसपासच्या तलावांची मोजणी करायची आणि ती माहिती एका लहानशा संकेतस्थळावर मांडायची. मोजणी झाली, लेखही लिहून तयार झाला. पण लेखाला मथळा काय द्यावा यावरून वर्गात वाद सुरू झाला.

वाद होण्यासारखेच कारण होते. पूर्व विदर्भातील या जुन्या तलावांपैकी पुष्कळसे गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजातील जाणत्या लोकांनी बांधले. पुढे ते मालगुजारांच्या ताब्यात आले. १९५० साली झालेल्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडे गेले. त्यामुळे त्यांना 'माजी मालगुजारी तलाव' असे नाव पडले. त्यातील दोन आद्याक्षरे घेऊन लोक त्यांना 'मामा तलाव' म्हणू लागले. मामाचा, म्हणजे आईच्या भावाचा, येथे काही संबंध नाही! कोणी नुसतेच 'मालगुजारी तलाव' म्हणतात, आणि लहान तलावाला तर 'बोडी' असा खास इकडचा शब्द आहे.

वर्गातील एक मुलगी म्हणाली, "मथळ्यात नुसते 'तलाव' लिहू या. सगळे लोक तोच शब्द टाकतात." एक मुलगा म्हणाला, "छे! त्या शब्दावर लाखो पाने असतील. आपण 'एकोडी परिसरातील माजी मालगुजारी तलावांचे सर्वेक्षण' असे लिहू. तेवढे लांब नाव दुसऱ्या कोणाचेच नसेल."

दोघांचेही अर्धे अर्धे बरोबर होते. कसे ते आता पाहू.

दुर्मिळ शब्दाचे वजन

समजा, शोधयंत्राच्या सूचीत फक्त १,००० पाने आहेत. 'आहे' हा शब्द सर्वच्या सर्व १,००० पानांत सापडतो. 'तलाव' हा शब्द १०० पानांत आणि 'मालगुजारी' हा शब्द केवळ १० पानांत सापडतो. आता कोणी 'मालगुजारी तलाव कोठे आहे' असे विचारले, तर त्याला हवे ते पान निवडायला कोणता शब्द जास्त उपयोगी पडेल?

'आहे' या शब्दाने काहीच निवड होत नाही, कारण तो सगळीकडेच आहे. 'तलाव' या शब्दाने १,००० पानांतून १०० उरतात, म्हणजे दहांतून एक. 'मालगुजारी' या शब्दाने शंभरांतून एकच उरते. दहाच्या घातांकात मांडले तर 'आहे' चे वजन ०, 'तलाव' चे १ आणि 'मालगुजारी' चे २ असे म्हणता येईल. (१,००० ÷ १०० = १०, म्हणजे दहाचा पहिला घात; १,००० ÷ १० = १००, म्हणजे दहाचा दुसरा घात.)

शब्द जितका दुर्मिळ तितके त्याचे वजन अधिक, ही कल्पना केंब्रिज येथील संशोधक कॅरन स्पार्क जोन्स यांनी १९७२ साली मांडली. तेव्हा आजचे इंटरनेटचे महाजाल जन्मालाही आले नव्हते. प्रश्न होता तो शास्त्रीय लेखांच्या संग्रहातून हवा तो लेख काढण्याचा. त्यांची ती साधी कल्पना शोधयंत्रांच्या पायाभरणीत कामी आली.

यावरून मुलाचे म्हणणे पटते. खास शब्द वापरला की गर्दी कमी होते. पण एवढ्याने चढाओढ मोजली गेली काय? नाही.

पाने लाखो, जागा दहा

शोधयंत्रावर शब्द टाकला की कधी कधी 'सुमारे इतके लाख निकाल' असा आकडा दिसतो. पुष्कळ लोक तो आकडा पाहून हबकतात. 'बाप रे, एवढे प्रतिस्पर्धी!' असे त्यांना वाटते. पण हा आकडा निव्वळ अंदाजाचा असतो. शिवाय त्या लाखो पानांशी आपली गाठ कधी पडतच नाही.

आठवडी बाजाराची आठवण करा. बाजारात भाजीची दोनशे दुकाने मांडलेली असोत. घाईत असलेले गिऱ्हाईक तोंडाशी बसलेल्या दहाबारा जणांपाशीच भाव करते आणि पिशवी भरून परत फिरते. मागच्या रांगेत कितीजण आहेत याने त्याला काही फरक पडत नाही. शोधयंत्राच्या पहिल्या पानावर साधारण दहा निकाल असतात आणि बहुतेक लोक त्यापलीकडे जात नाहीत. तेव्हा आपली खरी चढाओढ असते ती या दहांशी.

मग हे दहा निवडले कसे जातात? अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज या दोघा विद्यार्थ्यांनी १९९८ साली आपल्या शोधयंत्राची रचना एका निबंधात सांगितली. तेव्हा त्यांच्या सूचीत सुमारे २ कोटी ४० लाख पाने होती. त्यांची मुख्य युक्ती अशी : एका पानावरून दुसऱ्या पानाकडे दुवा दिलेला असेल तर ते एक प्रकारचे मत समजायचे. ज्याला पुष्कळ मते, ते पान वजनदार. आणि वजनदार पानाने दिलेले मत अधिक मोलाचे. गावात एखाद्या वैद्याचे नाव दहाजणांनी घेतले तर आपण त्याच्याकडे जातो, आणि जाणत्या माणसाने घेतले तर अधिक विश्वासाने जातो. तसेच हे. आज या एका युक्तीखेरीज इतर अनेक गोष्टी पाहिल्या जातात. विचारणाऱ्याच्या प्रश्नाचा अर्थ काय, पानावर त्याचे उत्तर आहे काय, माहिती ताजी आहे काय, विचारणारा कोठून विचारतो आहे, हे सारे हिशेबात घेतले जाते.

म्हणून पहिल्या दहांत मोठी वृत्तपत्रे, सरकारी खाती, विश्वकोश अशी वजनदार मंडळी बसलेली असतील, तर नव्या संकेतस्थळाला तेथे शिरणे अवघड.

फसवा रकाना

येथे एक सामान्य चूक सांगितली पाहिजे. गूगलचे 'कीवर्ड प्लॅनर' नावाचे एक साधन आहे. त्यात शोधशब्द टाकला की महिन्याला तो साधारण किती वेळा शोधला जातो हे दिसते, आणि शेजारी 'स्पर्धा' असा एक रकाना दिसतो. त्यात कमी, मध्यम किंवा जास्त असे लिहिलेले असते. पुष्कळजण हा रकाना पाहतात, 'कमी' असे दिसले की खूश होतात आणि कामाला लागतात.

पण हे साधन जाहिरातदारांसाठी बनविलेले आहे. तो रकाना सांगतो ते एवढेच, की या शब्दापुढे आपली जाहिरात झळकावी म्हणून बोली लावणारे व्यापारी किती आहेत. चांगले लेख किती आहेत हे तो सांगत नाही. 'तांदूळ खरेदी' या शब्दावर व्यापारी बोली लावतील. 'भाताच्या रोपाला पाणी का लागते' यावर कोणी लावणार नाही. म्हणून दुसऱ्या प्रश्नावर उत्तम पाने नाहीत असे म्हणता येईल काय? कदाचित कृषी विद्यापीठांनी त्यावर फार सुंदर लिहून ठेवले असेल. तापमापीने पाऊस मोजू नये. तसेच जाहिरातीच्या रकान्याने लेखांची चढाओढ मोजू नये.

आणखी एक गोष्ट. 'गूगल ट्रेंड्स' या साधनात ० ते १०० असे आकडे दिसतात. ते शोधांची संख्या सांगत नाहीत. ज्या काळात तो शब्द सर्वांत जास्त शोधला गेला त्याला १०० धरून बाकीचे काढलेले ते प्रमाण असते. आणि फार कमी शोधल्या जाणाऱ्या शब्दांपुढे ही साधने बऱ्याचदा काहीच दाखवीत नाहीत. 'बोडी' सारख्या शब्दापुढे काही दिसले नाही, तर तो कोणालाच नको आहे असे समजू नये. मापाचा तराजू धान्याचा असेल तर त्यावर सोन्याची गुंज दिसत नाही, इतकेच.

आपली फूटपट्टी

मग मोजायचे कशाने? आपल्या डोळ्यांनी! पहिल्या दहा निकालांतील प्रत्येक पान उघडून प्रत्यक्ष वाचायचे आणि दोन प्रश्न विचारायचे.

(१) शोधणाऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर या पानावर कितपत आहे? मुळीच नसेल तर ०, नुसता उल्लेख असेल तर १, अर्धेमुर्धे असेल तर २, पुरेपूर असेल तर ३ गुण.

(२) हे स्थळ किती वजनदार आहे? फारसे कोणाला माहीत नसेल तर १, मध्यम असेल तर २, सर्वांच्या विश्वासाचे असेल तर ३ गुण.

या दोन गुणांचा गुणाकार करायचा आणि दहाही पानांची बेरीज घ्यायची. बेरीज जास्तीत जास्त ९० होईल. ही काही शोधयंत्राची रीत नव्हे. आपल्या पाहण्याला शिस्त लागावी म्हणून केलेली ही फूटपट्टी आहे. खालील आकडे समजावून सांगण्यासाठी घेतलेले, कल्पित आहेत.

'नवेगावबांध' हा शोधशब्द घ्या. हाही जुना तलावच. १९९९ पर्यंत तो भंडारा जिल्ह्यात होता, जिल्ह्याचे विभाजन झाल्यावर गोंदिया जिल्ह्यात गेला. पण हा शब्द टाकणाऱ्याला बहुधा सहलीची माहिती हवी असते. समजा, सहा पानांवर पुरेपूर उत्तर आहे व ती वजनदार आहेत : ६ × (३ × ३) = ५४. तीन पाने मध्यम : ३ × (२ × २) = १२. एक पान निरुपयोगी : ०. एकूण ६६.

'मामा तलाव म्हणजे काय' : दोन पाने उत्तम, २ × (३ × ३) = १८. तीन वृत्तपत्रांत अर्धवट माहिती, ३ × (२ × ३) = १८. तीन बातम्यांत नुसता उल्लेख, ३ × (१ × ३) = ९. दोन निरुपयोगी. एकूण ४५.

'मामा तलावात पाणी किती मावते ते कसे मोजावे' : एका सरकारी पानावर थोडी माहिती, १ × (२ × ३) = ६. चार बातम्यांत उल्लेख, ४ × (१ × ३) = १२. पाच निरुपयोगी. एकूण १८.

तिसऱ्या उदाहरणातील गंमत पाहा. तेथेही पहिल्या दहांत वजनदार मंडळी बसलेलीच आहेत. पण विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्यापाशी नाही. दुसरे बरे काही सापडले नाही म्हणून शोधयंत्राने त्यांना तेथे बसविले आहे. अशी जागा म्हणजे रिकामी खुर्ची. आणि एकोडीच्या मुलांपाशी तर उत्तर तयार आहे! त्यांनी दोर आणि काठी घेऊन मोजणी केली आहे. समजा, त्यांच्या एका तलावाचे क्षेत्रफळ २ हेक्टर, म्हणजे २०,००० चौरस मीटर भरले आणि सरासरी खोली १.५ मीटर आली. मग त्यात ३०,००० घनमीटर पाणी मावते. त्या तलावातून सगळीकडून १० सेंटिमीटर गाळ काढला तर २०,००० × ०.१ = २,००० घनमीटर, म्हणजे २० लाख लिटर पाण्याची जागा वाढते. हा हिशेब पायरीपायरीने लिहिला तर असा प्रश्न पडलेला शेतकरी, शिक्षक किंवा ग्रामपंचायत सदस्य तो नक्की वाचील.

चढाओढ मोजायची म्हणजे प्रतिस्पर्धी मोजायचे नाहीत. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आधी कोणी दिले आहे काय, आणि किती चांगले दिले आहे, हे पाहायचे.

फार अरुंद वाटही नको

आता त्या मुलीची बाजू घेऊ. 'एकोडी परिसरातील माजी मालगुजारी तलावांचे सर्वेक्षण' या लांबलचक मथळ्याला चढाओढ जवळजवळ शून्य. पण हे शब्द टाकणार कोण? ज्या घाटावर कोणी पाण्याला येत नाही तेथे पाणपोई घालून काय उपयोग?

जॉर्ज किंग्स्ली झिफ या अमेरिकी भाषाभ्यासकाच्या नावाने एक नियम प्रसिद्ध आहे. सर्वांत जास्त वापरला जाणारा शब्द १,००० वेळा येत असेल, तर दुसऱ्या क्रमांकाचा सुमारे ५००, तिसऱ्याचा ३३३ आणि दहाव्याचा १०० वेळा येतो. शोधशब्दांचीही स्थिती साधारण अशीच असते असे समजू. मग १,००० शोधशब्दांची बेरीज करून पाहिली तर पहिल्या १० शब्दांच्या वाट्याला एकूण शोधांपैकी सुमारे ३९ टक्के येतात आणि उरलेल्या ९९० शब्दांच्या वाट्याला ६१ टक्के. म्हणजे एकेकटा लहान दिसणारा शब्द इतरांबरोबर मिळून मोठा होतो. गूगलने सांगितले आहे की रोजच्या शोधांपैकी सुमारे १५ टक्के शोध त्यापूर्वी कधीच झालेले नसतात. तेव्हा थोड्या लोकांचा प्रश्न हा कमी दर्जाचा प्रश्न नव्हे. मात्र तो खरोखर कोणाला तरी पडलेला असला पाहिजे.

हे ओळखायचा सोपा मार्ग म्हणजे लोकांनाच विचारणे. मुलांनी घरच्या आजोबांना, गावातल्या मासेमारांना, तलाठ्याला विचारावे, "तुम्ही याला काय म्हणता? याबद्दल तुम्हांला काय जाणून घ्यायचे आहे?" शोधयंत्रात दोनतीन अक्षरे टाकताच खाली जे पर्याय सुचविले जातात तेही इतरांच्या शोधांवरूनच येतात.

मराठीत लिहिणाऱ्यांनी आणखी तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, आपली देवनागरी लिपी हिंदीचीही आहे. 'मामा' हा शब्द दोन्ही भाषांत तोच, त्यामुळे हिंदी पानेही चढाओढीत उतरतात. दुसरी, पुष्कळ लोक मराठी शब्द रोमन लिपीत टाकतात. तिसरी, आपले शब्द रूपे बदलतात : तलाव, तलावाचा, तलावातील. लेख सहज भाषेत लिहिला तर ही रूपे आपोआप येतात. एकच शब्द पन्नास वेळा कोंबला तर वाचणारा कंटाळतो, आणि शोधयंत्रेही अशी लबाडी ओळखून त्या पानाला मागे ढकलतात.

अखेर वर्गाने असा निर्णय घेतला असे समजू : मथळा 'मामा तलावात पाणी किती मावते? कसे मोजावे?', पहिल्याच परिच्छेदात 'माजी मालगुजारी तलाव' आणि 'बोडी' ही नावे, आणि एकोडी, साकोली, भंडारा ही स्थळनावे मजकुरात स्वाभाविक जागी.

एक सावधगिरी

पहिला क्रमांक मिळाला म्हणजे ते पान खरे, असे मुळीच नाही. शोधयंत्र लोकांच्या मतांचा आणि शब्दांचा हिशेब करते. तलावाच्या काठावर जाऊन खोली मोजत नाही. शिवाय २०२४ पासून भारतातही गूगलच्या निकालांवर अनेकदा यंत्राने जुळविलेले आयते उत्तर दिसू लागले आहे. काहीजण तेवढेच वाचून थांबतात. पण त्या उत्तरासाठीही कोणीतरी आधी खरी मोजणी करून लिहिलेले असावेच लागते. एकोडीच्या तलावाची खोली एकोडीच्याच कोणी मोजली नाही, तर जगातले कोणतेही यंत्र ती सांगू शकणार नाही.

ग्रंथालयशास्त्राचे आपले थोर जाणकार एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. वाचकाला त्याला हवे असलेले पुस्तक मिळावे आणि पुस्तकालाही त्याचा वाचक भेटावा, हा विचार त्यांत आहे. शोधशब्द नीट निवडणे म्हणजे या दोघांची गाठ घालून देणे होय.

करून पाहा

१. तुमच्या गावातील एखादी वस्तू, पीक किंवा जागा निवडा. तिची जेवढी नावे लोक वापरतात तेवढी लिहून काढा. निदान पाच वडीलधाऱ्यांना विचारा.

२. त्यांतील तीन शोधशब्द घेऊन प्रत्येकाचे पहिले दहा निकाल वहीत उतरवा. जाहिराती वगळा. वरील फूटपट्टीने गुण द्या.

३. हेच काम मित्राला वेगळ्या फोनवर, 'इन्कॉग्निटो' खिडकीतून करायला सांगा. दोघांच्या याद्या ताडून पाहा. फरक पडला तर का पडला असावा?

विचार करा

१. ५,००० पानांपैकी ५० पानांत एक शब्द व ५ पानांत दुसरा शब्द आला आहे. दोघांची वजने दहाच्या घातांकात काढा. (उत्तर : २ आणि ३)

२. एका शोधशब्दापुढे 'स्पर्धा : कमी' असे दिसते, पण आपल्या फूटपट्टीने ७० गुण येतात. हे कसे शक्य आहे?

३. ३ हेक्टरच्या तलावातून २० सेंटिमीटर गाळ काढला तर किती लिटर पाण्याची जागा वाढेल? (उत्तर : ६० लाख लिटर)